सीएनजीवर शांत, पेट्रोलवर थरथर: छोट्या पिकअपचं आयडलिंग पुन्हा पुन्हा का बिघडतं

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "गाडी पळते झकास, उभी केली की थरथरते." आयडलिंगला, म्हणजे न्यूट्रलला रेस न देता, इंजिन ८०० आरपीएमच्या आसपास फिरायला हवं. ते साडेपाचशेवर घसरतं, मग आपणच हजारावर उडी मारतं आणि पुन्हा खाली बसतं. गिअरची दांडी नाचते, आरशात मागचं काही धड दिसत नाही, आणि मार्केटच्या गेटवर, मागे टेम्पोंची रांग लागलेली असताना, गाडी नेमकी बंद पडते. जरा रेस दिली की जणू काही झालंच नव्हतं. मग कुणीतरी प्लग घासून देतं, थ्रॉटल बॉडी धुऊन देतं, थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच रडगाणं. ड्रायव्हरचं निदान ठरलेलं: "मिस्त्री, पंपवाल्यानं पाणी घातलंय बघा."

कधी कधी खरंच घातलेलं असतं. पण चिपळूण-खेड पट्ट्यात माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत बऱ्याचदा पेट्रोल पंपावरून चांगलंच निघालेलं असतं, ते बिघडतं आपल्याच टाकीत. खाली लिहिलंय ते मुख्यतः कंपनी-फिटेड सीएनजी आणि पेट्रोल अशा दोन्हींवर चालणाऱ्या, साधारण १.२ लिटरच्या चार सिलिंडर पिकअपबद्दल. फक्त पेट्रोलवर चालणारी गाडी असेल तर इंधन बदलायच्या बटणाचा भाग सोडा, बाकीचं लागू आहे.

दुखणं आयडलिंगलाच का दिसतं, हे आधी समजून घेतलं तर पुढची शोधाशोध सोपी जाते. गाडी उभी असताना थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळपास मिटलेला असतो. सिलिंडरमध्ये हवा जेमतेम जाते, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर एका खेपेला दोन-तीन मिलिसेकंद उघडतो आणि मिटतो, शिवाय आधीच्या फेरीतला जळका वायू थोडा आतच रेंगाळलेला असतो. अशा मिश्रणाला पेट घ्यायलाच जिवावर येतं. त्यात इंजेक्टरच्या तोंडाशी कचरा बसून फवारा थोडा जरी कमी झाला, किंवा पेट्रोलबरोबर पाण्याचा अंश आला, तर एखादा ठोका चुकतोच. ८०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला साधारण पावणेसात वेळा पेटतो. त्यातला एक मिसिंग मारायला लागला की तेवढेच हिसके सीटखाली जाणवतात, कारण या गाड्यांत इंजिन बहुधा आपल्या बुडाखालीच असतं. अडीच हजारावर हेच झालं तर हवेचा झोत, भरपूर इंधन आणि फ्लायव्हीलचा वेग मिळून ते झाकून टाकतात. म्हणून "पळताना बरी आहे" या वाक्यावरून पेट्रोल चांगलं आहे असं काहीच सिद्ध होत नाही.

सीएनजी पिकअपवाल्याकडे एक चाचणी फुकटात असते आणि ती फार थोडे जण करतात. डॅशबोर्डवरचं इंधन बदलायचं बटण. इंजिन नीट गरम होऊ द्या, लाईट, पंखा, एसी सगळं बंद ठेवा, गाडी न्यूट्रलला पाचेक मिनिटं सीएनजीवर आणि मग तेवढाच वेळ पेट्रोलवर चालवा. रेस द्यायचा मोह टाळा.

सीएनजीवर शांत आणि पेट्रोलवर थरथर असेल तर प्लग, कॉईल, कॉम्प्रेशन, थ्रॉटल बॉडी, माउंटिंग या सगळ्यांची जवळपास सुटका झाली, कारण ते दोन्हीकडे सामाईक आहेत. दोष पेट्रोलच्या वाटेवर कुठेतरी आहे: टाकी, तिच्यातला फ्युएल पंप, त्याची जाळी, इंजेक्टर, त्यांची वायर, नाहीतर खुद्द पेट्रोल. दोन्हींवर सारखीच थरथरत असेल तर पेट्रोलला शिव्या देणं थांबवा आणि इंजिनाकडे बघा. पेट्रोलवर बरी पण सीएनजीवर जास्त मिसिंग असेल तर पहिला संशय प्लगवर घ्यायचा. गॅस पेटवायला ठिणगी जास्त ताकदीची लागते, त्यामुळे थकलेले प्लग आणि कॉईल आधी सीएनजीवर उघडे पडतात. आणि दोन्हींवर, तेही गरम झाल्यावर जास्त थरथर, म्हणजे टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) गॅप तपासायची वेळ. सीएनजी कोरडं इंधन. व्हॉल्व्हच्या सीट घासत जातात, गॅप कमी होतो, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत हे पेट्रोलच्या नावावर खपून जातं.

आता पहिला प्रकार, म्हणजे दोष पेट्रोलकडे. इथे नमुना काढल्याशिवाय बोलू नका. काम मोकळ्या जागेत करायचं, आजूबाजूला बिडी-सिगारेट नको, इंजिन थंड हवं. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे लाईनमधला दाब उतरतो. एरवी तिथे तीन बारच्या आसपास दाब असतो आणि पाईप सोडताच पेट्रोल तोंडावर येतं. मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. टाकीला ड्रेन बोल्ट असेल तर तिथून, नसेल तर पंपाचं असेंब्ली वर काढून तळातलं पहिलं पाव लिटर स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत घ्या. लोणच्याची रिकामी बरणी चालते, फक्त तेलाचा अंश राहिलेला नको. वरच्या थरातलं थोडं पेट्रोल दुसऱ्या बरणीत घ्या, ते पुढे लागणार आहे.

बरणी पंधरा-वीस मिनिटं न हलवता ठेवा आणि उजेडाकडे धरून बघा. चांगलं पेट्रोल आरपार दिसतं. धुकं धरल्यासारखं असेल तर ओल आहे. तळाशी वेगळा थर आणि मध्ये स्वच्छ रेघ दिसली तर उत्तर मिळालं. कधी थर नसतो, नुसते थेंब काचेच्या बुडाशी गोट्यांसारखे घरंगळत असतात. तांबूस कण म्हणजे गंज, नाहीतर टाकीत साचलेली माती. रंग कडक चहाकडे झुकलेला आणि वास आंबूस, वार्निशसारखा असेल तर पेट्रोल शिळं आहे, भले त्यात पाण्याचा थेंब नसो.

तो तळाचा थर नुसतं पाणी नसतो, आणि सगळी गोम तिथेच आहे. आपल्याकडे पेट्रोलमधलं इथेनॉल जून २०२२ मध्ये सरासरी १० टक्क्यांवर पोचलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, पंपांवर यायला सुरुवात झाली, आणि मूळ २०३० चं २० टक्क्यांचं लक्ष्य अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठलं गेलं. इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. साध्या पेट्रोलमध्ये पाणी जवळपास विरघळत नाही, ते गपगुमान तळाशी बसतं. इथेनॉलवालं पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं: १० टक्क्यांचं असेल तर १५ अंश तापमानाला लिटरमागे साधारण ५ मिली, २० टक्क्यांचं त्याहून जास्त. तेवढं पाणी इंजिनातून निघूनही जातं, कळत नाही. पण मर्यादा ओलांडली की पाणी एकटं खाली उतरत नाही, इथेनॉललाही सोबत घेऊन उतरतं. तळाशी इथेनॉल-पाण्याचा जाड थर, वर इथेनॉल गमावलेलं, कमी ऑक्टेनचं, म्हणजे लोडवर लवकर टकटक करणारं पेट्रोल. आणि टाकीतल्या फ्युएल पंपाचं तोंड नेमकं तळाशी! थंडीत ही मर्यादा आणखी घटते, म्हणून रात्री गार पडल्यावर थर सुटतो आणि सकाळी पहिल्या सेल्फला गाडी खोकते.

याची खात्री करायला १०० मिलीचा मोजपात्र घ्या, शाळेच्या प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतो. वरच्या थरातून घेतलेलं ९० मिली पेट्रोल आणि १० मिली साधं पाणी त्यात घाला, तोंड बंद करून हलवा, वाफ सोडा, आणि ठेवून द्या. पाणी इथेनॉलला खाली खेचतं आणि तळाची रेघ १० वरून वर सरकते. धड ई२० असेल तर ती २६-२८ च्या आसपास येऊन थांबते, कारण ९० मिलीत १८ मिली इथेनॉल असतं. रेघ जेमतेम १२-१४ वर राहिली, तर वरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल आधीच टाकीच्या तळाशी गेलंय. हाच प्रयोग पंपावरून त्याच दिवशी आणलेल्या ताज्या पेट्रोलवर करा आणि दोन्ही पात्रं शेजारी ठेवा. गिऱ्हाईक आणि पंपवाला यांच्यातलं निम्मं भांडण तिथेच मिटतं.

पाणी आलं कुठून? दमट हवेमुळे टाकीत पाणी साचतं असं सर्रास सांगितलं जातं, पण नुसत्या हवेतून थर सुटण्याइतकं पाणी यायला बराच काळ लागतो. मला जास्त वेळा सापडतं ते असं: झाकणाचं रबर कडक होऊन चिरलेलं, फिलरभोवतीच्या खळग्यात पावसाचं पाणी साचलेलं, आणि वॉशिंग सेंटरवाल्यानं प्रेशरचा पाईप थेट त्यावरच धरलेला. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा बुडालेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या टाक्या उतरवून धुण्याशिवाय इलाजच नव्हता, आणि अशी गाडी सेकंडहँड घेतलेल्यानं आजही टाकीच्या आतून एकदा नजर फिरवावी. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपणं हेही घडतं, विशेषतः मुसळधार पावसात. तसं असेल तर एकट्या तुमचीच गाडी बिघडणार नाही, त्याच दिवशी तिथे भरलेल्या चार-सहा जणांची बोंब ऐकू येईल.

सीएनजी पिकअपला हे जास्त जाचतं, कारण तिचं पेट्रोल खपतच नाही. काही मॉडेलना पेट्रोलची टाकी अवघी ५ लिटरची असते, निव्वळ अडीनडीला. गाडी सुरू होताना घोटभर पेट्रोल पिते, गरम झाली की गॅसवर जाते. मालक दोनशेचं पेट्रोल टाकतो आणि महिनोन्‌महिने विसरतो. हलके अंश उडून जातात, उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकटा तयार होतो. त्यातून पेट्रोलचे इंजेक्टर बंद अवस्थेत तापलेल्या मॅनिफोल्डशी (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांशी) बसून राहतात आणि तोंडाशी राहिलेलं पेट्रोल तिथेच करपतं. मग एक दिवस सीएनजीची रांग हायवेपर्यंत आलेली दिसते, ड्रायव्हर म्हणतो आज पेट्रोलवर मारू, आणि माल भरून कुंभार्ली घाट चढायला लागल्यावर जे शिळं, ओलं, चिकट तळाशी आहे ते एकदम इंजिनात येतं. दोष त्या दिवशी कळतो, साचत असतो कधीपासूनचा.

भेसळीचंही बोलू. तिचा आपल्या राज्याला काळा इतिहास आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलभेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं गेलं. रॉकेल पेट्रोलपेक्षा जड, उशिरा वाफ होणारं आणि अगदीच कमी ऑक्टेनचं. ते मिसळलं असेल तर थंड इंजिन आयडलिंगला अडखळतं, धूर आणि वास येतो, पण सोबत चढावर टकटक, म्हणजे नॉकिंगही येतं. फक्त आयडलिंग बिघडलंय आणि घाटात गाडी बिनआवाजी चढतेय, तर रॉकेलचा संशय बाजूला ठेवा. पंपावर फिल्टर पेपर मागायचा तुम्हाला हक्क आहे. नोझलचं तोंड पुसून कागदावर एक थेंब टाकायचा. दोनेक मिनिटांत उडून गेला आणि डाग राहिला नाही तर जड काही मिसळलेलं नाही. पेट्रोलच्या रंगाची फिकट गुलाबी छटा राहिली तर तो डाग धरू नये. मात्र या कागदाला पाणी कळत नाही. तेवढ्यावर समाधान मानून पंपावरून निघालात तर ओल्या पेट्रोलची शंका तशीच राहते.

आता पेट्रोलवर नाहक आळ आणणारे दोन प्रकार. पहिला आपल्या सवयीतून येतो. नोझल ऑटोकट झाल्यावर "राऊंड फिगर कर रे" म्हणून आणखी शे-सव्वाशेचं ठासून घेतलं जातं. ते जादा पेट्रोल वाफेच्या नळीतून कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये, म्हणजे टाकीतली वाफ शोषणाऱ्या डब्यात, उतरतं. तिथून ते पर्ज व्हॉल्व्हमार्गे (डब्यातली वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेतून) इंजिनात ओढलं जातं, मिश्रणात इंधन जास्त होतं, गाडी भरल्या भरल्या पाच-दहा मिनिटं आयडलिंगला गुदमरते. मालकाला वाटतं, आत्ताच भरलं आणि आत्ताच बिघडलं, म्हणजे पेट्रोलच खराब. पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर प्रत्येक वेळी टाकी भरल्यावर हेच होतं. तपासणी सोपी: इंजिन आयडलिंगला ठेवून व्हॉल्व्हकडून मॅनिफोल्डला जाणारी नळी चिमट्यानं दाबा. थरथर थांबली तर पेट्रोल निर्दोष.

दुसरा उन्हाळ्यातला. जळगाव-नागपूरकडच्या उन्हात गाडी अर्धा तास बंद करून पुन्हा सुरू केली की अर्धा-एक मिनिट आयडलिंग डगमगतं आणि मग आपोआप सुधारतं. इंजिनाच्या धगीनं रेलमधल्या, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतल्या, पेट्रोलची वाफ झालेली असते, ती निघून गेली की सगळं ठीक. यावर खर्च करू नका. वारंवार बंदच पडत असेल तर मात्र फ्युएल पंपाचा दाब बघा.

स्कॅनर असेल तर फ्युएल ट्रिम हाच आकडा आधी वाचा: ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन वाढवतोय (अधिक) किंवा घटवतोय (उणे) ते तो सांगतो. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, ई२० ला सुमारे साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला ई२० आठेक टक्के जास्त लागतं. जुनी, आधीच्या पेट्रोलवर जुळवलेली गाडी ट्रिम अधिक चार ते आठ दाखवत असेल तर घाबरू नका, ईसीयू आपलं काम करतोय. फार तर थंड असताना, ऑक्सिजन सेन्सर कामाला लागेपर्यंत, थोडी कुरकुरेल. अधिक १५-२० दाखवत असेल आणि पी ०१७१ कोड बसला असेल तर मिश्रण खरोखर पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी. आयडलिंगला अधिक वीस आणि अडीच हजारावर नॉर्मल, तर बाहेरची हवा आत शिरतेय: फाटकी व्हॅक्युम नळी, मॅनिफोल्डचं गॅसकेट, ब्रेक बूस्टरचा पाईप. दोन्हीकडे जास्त आणि लोड आल्यावर आणखी वाढत असेल तर पंप किंवा जाळी. ट्रिम उणे दहाच्या खाली असेल तर वरचा पर्ज व्हॉल्व्ह किंवा टपकणारा इंजेक्टर.

ओलं किंवा शिळं पेट्रोल सापडलं तर त्यात ताजं ओतून पातळ करायचा उद्योग करू नका. सुटलेला थर ताजं ओतून नीट मिसळत नाही, तळाशी राहिलेलं पाणी परत इथेनॉल ओढतं, आणि दुखणं पुन्हा येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच अर्धवट काम. टाकी पूर्ण रिकामी करा, आतून कोरडी पुसा, पंपाची जाळी बदला. धुतलेली जाळी वरून स्वच्छ दिसते, पण बारीक छिद्रांतला चिकटा तसाच असतो. लाईन आणि रेलमधलं पेट्रोलही बाहेर काढा. झाकणाचं रबर नवं टाका. इंजेक्टर अल्ट्रासॉनिक मशीनवर साफ करून चौघांचा फवारा मोजून घ्या. चारपैकी एकाचा कमी भरला तर नुसत्या साफसफाईवर विसंबू नका. काढलेलं पेट्रोल गटारात ओतायचं नाही, हे सांगावं लागतं हेच दुर्दैव.

महागड्या ९५ किंवा १०० ऑक्टेनच्या पेट्रोलनं आयडलिंग सुधारतं हा गैरसमज आहे. ऑक्टेनचा संबंध लोडवरच्या नॉकिंगशी. न्यूट्रलला उभ्या गाडीला त्याचा उपयोग नाही. त्यातल्या डिटर्जंटनं इंजेक्टर हळूहळू साफ होतात एवढं खरं, पण त्यापेक्षा आठवड्यातून एकदा एखादी खेप मुद्दाम पेट्रोलवर मारणं स्वस्त पडतं आणि टाकीतलं पेट्रोलही फिरतं राहतं. स्थानिक दुकानातल्या बिननावाच्या ऑक्टेन बूस्टरपासून लांब राहा. त्यातल्या काहींमुळे प्लगच्या टोकावर विटकरी रंगाची पूड बसते आणि करंट ठिणगी न पाडता त्या पुडीतूनच गळून जातो.

पंपाचाच दोष आहे अशी खात्री झाली तर बिल जपून ठेवा, त्यावर तारीख, वेळ आणि नोझल असतं. पंपावर जाऊन घनता मोजून मागा. पेट्रोलची घनता १५ अंशांना घनमीटरमागे ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान हवी, आणि टँकरच्या चलनावरच्या आकड्यापेक्षा फरक ३ किलोंच्या आत हवा. तक्रारवहीत नोंद करा, तेल कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याचा नंबर पंपावर लावलेला असतो. टाकीतून काढलेल्या नमुन्याला तिथे फारसं वजन नाही, कारण पाणी तुमच्या टाकीत शिरलं असं ते म्हणणारच. वाद घालायचा तर नोझलमधून, दोघांसमोर, बरणीत.

हे सगळं करूनही फक्त पेट्रोलवर आणि फक्त एकच सिलिंडर मिसिंग मारत असेल, पी ०३०१ ते पी ०३०४ पैकी एकच कोड परत परत येत असेल, तर पेट्रोल विसरा. सीएनजीवर जाताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद करणारी वायरिंग मध्ये असते, आणि बाहेरून बसवलेल्या किटमध्ये तर मूळ वायर कापून जोड दिलेले असतात. पावसाळ्यात त्या जोडांवर हिरवट गंज चढतो. त्या सिलिंडरचा इंजेक्टर शेजारच्याशी अदलाबदल करा. मिसिंग इंजेक्टरबरोबर सरकलं तर इंजेक्टर बदला. जागच्या जागी राहिलं तर कपलर उघडा, पिना घासून साफ करा आणि किटच्या वायरचा जोड नव्यानं डाग देऊन बसवा.